चारशे फुटांखालचं पाणी शुद्धच असतं का? भूजलाच्या प्रवणता-नकाशाबद्दल

२०२५च्या डिसेंबरअखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. वस्तीच्या वस्ती आजारी पडली, माणसं दगावली. ज्या शहराने २०१७पासून ओळीने स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवला, तिथे हे घडलं, म्हणून ते जास्तच लागलं. त्यानंतर इंदूरच्या आपल्या मराठी घरांतही, राजेंद्रनगर असो की सुदामानगर, एक वाक्य सारखं कानावर येऊ लागलं: नर्मदेच्या नळापेक्षा आपलं बोरिंग बरं. चारशे फुटांवरून येतं, तिथे कोण घाण करायला जाणार?

हा विश्वास तपासून बघायला हवा, कारण त्यावर रोजचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे. जमिनीखालचं पाणी कुठे सहज दूषित होऊ शकतं आणि कुठे होत नाही, हे दाखवणारे नकाशे, म्हणजे प्रवणता-नकाशे, जगभर तयार होतात. भारतातही विद्यापीठं आणि भूजल खाती असे नकाशे करतात. ते कसे होतात, इंदूरसारख्या गावात ते काय सांगू शकतात आणि कुठे चुकू शकतात, ते या लेखात पाहू.

आपल्या पायाखाली आहे तरी काय?

इंदूर माळव्याच्या पठारावर आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. पुणे, नाशिक आणि इंदूर एकाच पाषाणावर उभी आहेत.

कॉलनीत बोरिंगची गाडी आली की हे सगळं डोळ्यांनी दिसतं. आधी काळी माती निघते, चिकट, ढेकळांची. मग पिवळसर मुरूम. तिथवर मशीन सरसर जातं. मग आवाज बदलतो, पाइपातून राखाडी भुकटी उडायला लागते, शेजाऱ्यांच्या तुळशीपर्यंत धुरळा बसतो. हा कठीण पाषाण. मधेच भुकटी एकदम लालसर होते. एका लाव्हाच्या थरानंतर दुसरा थर येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजून तयार झालेली ती लाल माती. आणि कधीतरी फवारा ओला होतो, मशीनवाला ओरडतो, ‘पानी लग गया!’

ते पाणी येतं पाषाणातल्या भेगांतून, सांध्यांतून, थराच्या माथ्यावरच्या जाळीदार, भोकाभोकांच्या भागातून. खाली तळं किंवा नदी नसते. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून एका प्लॉटवर दोन इंच पाणी लागतं आणि भिंतीपलीकडे तीनशे फूट कोरडं जातं. हे लक्षात ठेवा, नकाशाच्या मर्यादा सांगताना ते पुन्हा लागेल.

वाळूतून पाणी झिरपतं तेव्हा कणाकणाशी घासत, हळूहळू उतरतं. त्यात बरीच घाण अडकते, जंतू मरतात. भेगेतून उतरणाऱ्या पाण्याला असं काही घडायला वेळच मिळत नाही. भेग वरपर्यंत पोचलेली असेल, तर वरचं सांडपाणी थोड्याच काळात खाली जातं.

दूषित असणं वेगळं, प्रवण असणं वेगळं

या नकाशांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक नकाशावरचा लाल रंग बघतात आणि म्हणतात, इथलं पाणी खराब. तसं ते नाही. प्रदूषणप्रवणता म्हणजे जमिनीवर घाण पडली तर ती भूजलापर्यंत किती सहज पोचेल, हा त्या जागेचा स्वभाव. ज्या घराच्या दाराला कडी नाही, तिथे चोरी झालीच असं नाही, आणि ज्याला कुलूप आहे तिथे कधी होणारच नाही असंही नाही. नकाशा कड्या मोजतो, चोर मोजत नाही. चोर, म्हणजे गळकी गटारं, सेप्टिक टँक, कारखाने, कचऱ्याचे ढीग, पेट्रोल पंपांच्या जमिनीतल्या टाक्या. त्यांचा वेगळा नकाशा करावा लागतो. दोन्ही एकमेकांवर ठेवले की खरा धोका दिसतो.

ही कल्पना १९६०च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच भूजलतज्ज्ञ झां मार्गा यांनी मांडली. तिला आकड्यांचं रूप आलं १९८०च्या दशकात, अमेरिकेत. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी लिंडा अ‍ॅलर आणि सहकाऱ्यांनी ‘ड्रॅस्टिक’ नावाची पद्धत बांधली, तिची पूर्ण आवृत्ती १९८७ची. आज भारतात होणाऱ्या बहुतेक अभ्यासांच्या मुळाशी हीच पद्धत किंवा तिचं थोडं बदललेलं रूप असतं.

सात प्रश्न, आणि प्रत्येकाचं वजन

ड्रॅस्टिक प्रत्येक जागेला सात प्रश्न विचारते. पाणी किती खोल आहे? दरवर्षी पावसाचं किती पाणी मुरतं? पाणी धरणारा खडक कसा आहे? वरची माती कोणती? उतार किती? मातीच्या खाली आणि पाण्याच्या वर जो कोरडा थर आहे, तो कशाचा? आणि खडकातून पाणी किती सहज सरकतं?

प्रत्येक उत्तराला एक ते दहा गुण. गुण जितके जास्त, तितकी ती जागा नाजूक. पाणी पाच फुटांच्या आत असेल तर दहा गुण, शंभर फुटांच्या खाली असेल तर एकच. जमीन सपाट असेल तर दहा, कारण पाणी तिथेच थांबून मुरतं. तीव्र उतारावर एक, कारण ते वाहून जातं.

सातही गोष्टी सारख्या महत्त्वाच्या नाहीत. म्हणून पाण्याच्या खोलीला आणि मधल्या कोरड्या थराला वजन पाच, मुरणाऱ्या पाण्याला चार, धरणाऱ्या खडकाला आणि पाणी सरकण्याला तीन-तीन, मातीला दोन, उताराला एक. गुण गुणिले वजन, आणि सगळ्यांची बेरीज. सगळ्यात कमी २३, वरचं टोक सव्वादोनशेच्या आसपास.

एक काल्पनिक उदाहरण करून बघू. इंदूरच्या कान्ह नदीच्या काठची सपाट जागा धरा, पाणी वीस फुटांवर. खोलीचे ७ गुणिले ५, म्हणजे ३५. मुरण्याचे २४, मुरमाड खडकाचे २७, मातीचे १४, सपाटीचे १०, कोरड्या थराचे ४०, सरकण्याचे ६. बेरीज १५६. आता शहराच्या कडेची टेकडी धरा, पाणी ऐंशी फुटांवर, खाली घट्ट पाषाण. त्याच क्रमाने १०, १२, १२, २०, ५, २० आणि ३. बेरीज ८२. मातीच्या रकान्यात टेकडीला जास्त गुण आहेत, कारण तिथे माती जवळजवळ नाहीच, तरी एकूण जागा पुष्कळ सुरक्षित निघते. एकाच गोष्टीवरून निकाल द्यायचा नाही, एवढ्यासाठी हा हिशेब.

यात संगणक काय करतो?

पूर्वी नियोजनकार पारदर्शक कागदांवर एकेक गोष्ट रंगवायचे आणि ते कागद दिव्याच्या टेबलावर एकमेकांवर ठेवायचे. आता हे काम जीआयएस करते, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली: जागेच्या पत्त्यासह माहिती साठवून तिच्यावर गणित करणारं सॉफ्टवेअर. क्यूजीआयएस नावाचं असं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि महाविद्यालयातला विद्यार्थीही ते चालवू शकतो.

शहराचे लहान लहान चौकोन पाडतात, बहुधा तीस मीटरचे, कारण उपग्रहावरून मिळणारी उंचीची माहिती त्या मापाची असते. त्यावरून उतार निघतो. खडक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशांवरून, माती नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या नकाशांवरून. पाण्याची पातळी केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींतून, जी वर्षातून चार वेळा मोजली जाते. प्रत्येक चौकोनाला सात आकडे, एक बेरीज, एक रंग: जास्त बेरजेला लाल, कमीला हिरवा.

ऐकायला सोपं वाटतं. खरी अडचण पाण्याच्या पातळीच्या थरात आहे. विहिरी मोजक्या, त्यांच्या मधल्या जागेचा आकडा संगणक अंदाजाने भरतो. वाळूच्या प्रदेशात हा अंदाज बराच जमतो. आपल्याकडे, जिथे भिंतीपलीकडचं बोरिंग कोरडं जातं, तिथे तो डळमळीत असतो. शिवाय कोणत्या महिन्याची पातळी घ्यायची? मे महिन्यात शंभर फुटांवर गेलेलं पाणी पावसाळ्यानंतर तीस फुटांवर येत असेल, तर त्याच जागेला मे महिन्यात दोन गुण आणि नोव्हेंबरमध्ये पाच ते सात. मी स्वतः असा नकाशा बघताना रंगांच्या आधी कोपऱ्यातला महिना शोधतो. महिना लिहिलेला नसेल तर त्या नकाशावर फार विसंबू नये.

काळी माती आपल्याला वाचवते का?

माळव्यातला शेतकरी सांगेल, काळ्या मातीतून पाणी खाली जातच नाही, शेतात चिखल होऊन बसतो. हे खरं आहे, पण ऑगस्टमधलं. ओली झाल्यावर ही माती फुगते आणि सगळ्या फटी बंद होतात. मे महिन्यात तीच माती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून थेट मुरमात उतरतो, आणि वर्षभर वर साचलेलं जे काही असेल ते बरोबर नेतो.

ड्रॅस्टिक करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. न आक्रसणाऱ्या चिकणमातीला त्यांनी एक गुण दिला आणि आक्रसणारीला सात. नकाशा करणाऱ्याने सवयीने काळ्या मातीला ‘चिकणमाती’ समजून एक गुण दिला, तर अख्खा माळवा कागदावर आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसू लागतो. खडकाच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने होते. पद्धतीच्या पुस्तकात बेसाल्टला दोनपासून दहापर्यंत गुण आहेत आणि ठरावीक आकडा नऊ सुचवलेला आहे, तो भेगाळलेल्या बेसाल्टसाठी. आपला पाषाण कुठे भेगाळलेला, कुठे अखंड. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा उचलला तर सगळं शहर लाल होतं, आणि सगळंच लाल असलेला नकाशा काहीच सांगत नाही. या दोन रकान्यांत इथली जमीन ओळखणारा माणूस लागतो. सॉफ्टवेअर हे काम करत नाही.

शेतीसाठी त्याच पद्धतीची वेगळी, कीटकनाशकांची आवृत्ती आहे. तिच्यात मातीचं वजन दोनवरून पाच होतं आणि उताराचं एकवरून तीन. इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरच्या सोयाबीनच्या पट्ट्यासाठी तीच वापरायला हवी.

‘पण आमचं बोरिंग चारशे फूट आहे!’

आता मूळ प्रश्न. बोरिंग खोल असणं आणि पाणी खोलवरून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोरिंग करताना वरच्या माती-मुरमाच्या भागात केसिंग पाइप घालतात, म्हणजे कडा ढासळू नयेत. कठीण पाषाण लागला की केसिंग थांबतं, कारण पुढच्या फुटामागे पैसे लागतात. खालचं भोक उघडं. त्यामुळे साठ फुटांवरच्या भेगेतलं पाणीही त्याच भोकात उतरतं आणि खाली जाऊन चारशे फुटांवरच्या पाण्यात मिसळतं. पंप दोन्ही मिळून उपसतो.

केसिंगच्या बाहेरच्या बाजूला भोक आणि पाइप यांच्यात फट राहते. ती सिमेंटने भरली नाही तर पावसाचं, अंगणातलं, गटारातलं पाणी पाइपाच्या अंगाने खाली जातं. आपल्या शहरात ही फट भरून घेणारे फारच थोडे. नकाशाच्या गणितात ही फट कुठेच येत नाही. जमिनीने दिलेलं सगळं संरक्षण एका बोरिंगने निष्फळ होतं, आणि इंदुरात बोरिंगं गल्लोगल्ली आहेत. त्यात जिल्ह्यात जमिनीत जेवढं पाणी भरतं त्याहून जास्त उपसलं जातं. पातळी खाली गेली की नवं बोरिंग आणखी खोल घेतात आणि जुनं तसंच टाकून देतात.

जुन्या बावड्यांचंही तेच. २०२३च्या रामनवमीला इंदूरच्याच पटेलनगरच्या मंदिरात झाकलेल्या बावडीवरची फरशी कोसळून ३६ माणसं गेली, तेव्हा अशा किती विहिरी फरशीखाली दडल्या आहेत याची चर्चा झाली. ती चर्चा जिवाच्या धोक्यापुरती राहिली. पण झाकलेली विहीर ही भूजलात उघडणारी मोठी खिडकीसुद्धा आहे, आणि तिच्यात कुठलं गटार उतरतंय हे वरून कुणालाच दिसत नाही.

‘आमचं घर हिरव्या भागात आहे, मग काय?’

ड्रॅस्टिक लिहिणाऱ्यांनी आपली गृहीतकं स्पष्ट सांगितली आहेत. घाण जमिनीच्या पृष्ठभागावर पडलेली आहे, ती पावसाबरोबर खाली जाते, ती पाण्याच्याच वेगाने चालते, आणि अभ्यासाचं क्षेत्र किमान शंभर एकर आहे. यातलं शेवटचं वाचलं की कळतं, हा नकाशा कॉलनीसाठी आहे, प्लॉटसाठी नाही. चौकोन तीस मीटरचे असले तरी त्यातला शहाणपणा शंभर एकरांचाच.

पहिलं गृहीतक शहरात आणखी अडचणीचं. गळकी ड्रेनेज लाइन पाच-सात फूट खाली असते. सेप्टिक टँकचा सोक-पिट, म्हणजे शोषखड्डा, त्याहून खाली. त्यांची घाण काळी माती ओलांडूनच सुरुवात करते. म्हणून शहरासाठी नकाशा करताना गटारांची आणि सेप्टिक टँकांची माहिती वर ठेवावीच लागते. ज्या वस्त्या नव्याने पालिकेत आल्या आणि जिथे अजून ड्रेनेज नाही, तिथे मुख्य काळजी हीच.

‘सरळ पाणीच तपासा ना, नकाशा कशाला?’

पाणी तपासायलाच हवं. नकाशा बरोबर आहे की नाही, हे ठरवण्यासाठीसुद्धा तपासणीच लागते. त्यासाठी बहुतेक वेळा नायट्रेट बघतात. ते सांडपाण्यातून आणि खतांतून येतं, आपल्या खडकातून जवळजवळ येत नाही, आणि पाण्याबरोबर सहज चालतं. लाल भागातल्या विहिरींत नायट्रेट जास्त आणि हिरव्या भागात कमी निघालं, तर गुण ठीक दिले होते. उलटं निघालं तर नकाशा पुन्हा करायचा. ज्या अभ्यासात ही पडताळणी नाही, तो अर्धाच झालेला समजावा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही. तान्ह्या बाळांना ते सर्वांत घातक, रक्ताची प्राणवायू नेण्याची ताकद कमी होते. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं.

पण तपासणी आज काय आहे ते सांगते, आणि भूजल एकदा बिघडलं की सुधारायला वर्षानुवर्षं लागतात. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या जुन्या कारखान्याभोवतीच्या वस्त्यांतले हातपंप अखेर सोडून द्यावे लागले, नळाने पाणी आणावं लागलं. तिथला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५मध्ये आपल्या शेजारी पीथमपूरला आला आणि जूनअखेरपर्यंत जाळला गेला. मग प्रश्न आला राखेचा. ती पुरायची तर खाली प्लास्टिकचा थर घालतात, पण त्या थराखालचा पाषाण भेगाळलेला आहे की अखंड, हे लोकांनी विचारणं अगदी रास्त होतं. असा प्रश्न जागा ठरण्याआधी विचारता यावा, यासाठीच प्रवणता-नकाशा असतो. इंदूरच्या २०२१पर्यंतच्या विकास आराखड्याची मुदत संपून काही वर्षं झाली. पुढच्या आराखड्यात कारखाने, कचऱ्याच्या जागा, पेट्रोल पंप कुठे असावेत हे ठरवताना हा थर असायला हवा, आणि तो लोकांना बघता यायला हवा.

पाणी जिरवणंही जपून

छतावरचं पाणी बोरिंगमध्ये सोडण्याची चळवळ आपल्याकडे चांगली रुजली आहे आणि ती हवीच. पण त्यात एक फरक पाळायला हवा. गच्चीचं पाणी, पहिल्या दोन-तीन पावसांचं वाहून जाऊ देऊन, गाळणीतून सोडलं तर ठीक. अंगणाचं, पार्किंगचं, रस्त्याचं पाणी बोरिंगमध्ये सोडू नये. त्यात तेल, विष्ठा, रबराचा चुरा, सगळं असतं, आणि ते माती-मुरूम ओलांडून थेट पिण्याच्या पाण्यात जातं. रस्त्याच्या पाण्यासाठी उथळ खड्डा किंवा बाग बरी, तिथे निदान माती काम करते.

कोरडं पडलेलं बोरिंग नुसतं दगड ठेवून सोडू नका. लहान मुलं पडण्याच्या दुर्घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये दिलेले निर्देश आजही उपयोगी आहेत: टाकून दिलेलं बोरिंग तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरायचं, आणि चालू बोरिंगच्या केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करायचा. तो नियम मुलांसाठी होता, पाण्यालाही तो लागू पडतो.

नवं बोरिंग घेत असाल तर मशीनवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा: केसिंग कठीण पाषाणात काही फूट आत जाऊ दे, आणि बाहेरची फट सिमेंटने भर. पैसे थोडे जास्त लागतील. पाणी पिण्यासाठी वापरत असाल तर नमुना जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात द्या, आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये. प्रयोगशाळेत फक्त टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, करून घेऊ नका, नायट्रेट आणि ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, सांगून करून घ्या. ई. कोलायचं मानक असं आहे की शंभर मिलिलिटर नमुन्यात ते एकही सापडता कामा नये.